तात्यांची बोटं आणि काट्याचा सर्व्हर

इथले अनुभव मी नेहमी वाचतो, आणि खरं सांगायचं तर वाचताना लिहिणाऱ्याची चूक शोधत असतो. एकानं चकवा लागल्याचं लिहिलं होतं, तर मी तो रस्ता नकाशावर काढून बघितला होता. पंचवीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळतोय. लोक म्हणतात, "मशीनला काहीतरी लागलंय बघा." मी जातो, निघालेली वायर बसवतो आणि परत येतो. तेव्हा हे लिहिताना मला लाज वाटते आहे... पण ती फक्त अशा गोष्टीवर लिहितोय म्हणून नाही. दुसरं कारण पुढे येईलच.

मी सातारचा. वय एक्कावन्न. घर शाहूपुरीत, नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात, संगणक विभागाचा प्रमुख. नाव लिहीत नाही. हंगामात कारखान्याच्या कॉलनीत राहतो, एरवी बरंचसं काम घरून लॉगइन करून होतं. आमच्याकडे एकच मोठं सर्व्हर मशीन. त्याच्या पोटात पाच-सहा 'व्हर्च्युअल' सर्व्हर चालतात, म्हणजे एका घरात पाच-सहा चुली म्हणा. शेतकी ऑफिसचा एक, स्टोअरचा एक, हजेरीचा एक आणि सगळ्यात महत्त्वाचा काट्याचा, जिथे उसाच्या ट्रॉल्यांची वजनं होतात. मोठ्या मशीनमधले प्रोसेसर यांच्यात वाटायचे. कुणाला किती, ते ठरवणं माझं काम.

काट्यावर किसनतात्या होते. म्हसवडजवळच्या वाडीचे. फौजेत हवालदार होते, रिटायर होऊन कारखान्यात आले त्याला वीस वर्षं झाली होती. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, खिशात दोन पेनं. प्रोसेसर म्हणजे काय ते समजावताना मी त्यांना एकदा म्हणालो होतो, "कोयते समजा." ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. तेव्हापासून तात्या विचारायचे, "सायेब, आपल्या काट्याला किती कोयते राबत्यात?" मी म्हणायचो, चार. "लय झाले," म्हणायचे.

मागच्या हंगामात, पौषात, अध्यक्षांच्या केबिनमध्ये एक मोठा स्क्रीन बसवला. कुठली ट्रॉली कुठे आहे ते तिथे दिसणार होतं आणि ते बघायला बाहेरचे पाहुणे येणार होते. एम.डी. साहेब म्हणाले, काटा जरा झटपट दिसला पाहिजे. मला चमकायचं होतं, दुसरं काही नाही. मी काट्याच्या सर्व्हरला चाराचे बारा प्रोसेसर केले. मशीनमधल्या एकूण सोळापैकी बारा! असं करू नये हे मी वाचलेलं होतं. दुसऱ्यांना शिकवलेलंही होतं. एका सर्व्हरला भरमसाट दिले की ते सगळे एकदम मोकळे मिळेपर्यंत तो अडून राहतो आणि उलट मंदावतो, विशेषतः आमच्यासारख्या जुन्या यंत्रणेत. पण सकाळी रिकाम्या यार्डात चाचणी घेतली तेव्हा छान पळत होता.

मी काट्याच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलंसुद्धा. "तात्या, आज बारा कोयते दिलेत तुम्हाला."

तात्यांनी चष्म्यावरून बघितलं. "चार हुते न्हवं? का, भांडत हुते व्हय आपसात?"

"नाही हो. पण बारा म्हणजे तिप्पट..."

"सायेब, बारा कोयते एका ट्रॉलीत बसवून फडावर न्यायचे म्हनलं, तर बाराबी जमंस्तवर ट्रॉली हालत न्हाई. एकजन तमाखू मळत बसला की अकरा जन हुबे. चारच बरं हुतं." मग हसले. "पर तुमी शिकल्याली मानसं."

दहा वाजता गर्दी वाढली आणि काटा अडकायला लागला. ट्रॉली चढायची, वजन यायचं आणि स्क्रीन गोठायचा. बाराच्या सुमारास रांग यार्डाच्या बाहेर रस्त्यावर गेली. तात्यांनी मला तीन फोन केले. मी अध्यक्षांच्या केबिनमध्ये पाहुण्यांना स्क्रीन दाखवत होतो. फोन खिशात थरथरत होता आणि मी बोलत होतो. मग एकदा स्क्रीन सलग बावीस मिनिटं गोठला. वजनाशिवाय ट्रॉली सोडायची नाही हा नियम, आणि तात्या नियमाचे. त्या बावीस मिनिटांत एका ड्रायव्हरनं रांग मोडून ट्रॅक्टर पुढे काढला, आणि खाली उभ्या असलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरचा पाय ट्रॉलीच्या चाकाखाली आला. पंज्याची हाडं मोडली. आता तो चालतो, पण थोडं लंगडतो.

पाच वाजता एम.डी. साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी. काट्याच्या नोंदीत ती बावीस मिनिटं कोरी होती.

"किसनराव, हे काय? झोपला होता का?"

तात्या सावधानमध्ये उभे होते. म्हणाले, "सायेबांस्नी ईचारा." आणि माझ्याकडे बघितलं. त्यांची खात्री होती की मी सांगणार.

मी म्हणालो, "नोंदीप्रमाणे बावीस मिनिटं एकही कळ दाबलेली नाही, सर."

हे वाक्य मला पाठ आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही. तात्यांनी कळ दाबली असणारच, दहा वेळा दाबली असेल, पण गोठलेल्या मशीनमध्ये तिची नोंद होत नाही. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

तात्यांनी मान खाली घातली नाही. ते माझ्याकडेच बघत राहिले. मग "जी" म्हणून बाहेर गेले.

पावणेसहाला मी बाराचे परत चार केले. दुसऱ्या दिवशी काट्यावर नवा माणूस बसला आणि काटा सुरळीत चालला. म्हणजे तात्यांना हलवलं आणि काटा सुधारला, असंच सगळ्यांना दिसलं. माझी दुरुस्तीच त्यांच्या विरुद्ध साक्ष ठरली. त्यांना यार्डाच्या गेटवर टाकलं. ड्रायव्हर मुद्दाम हॉर्न वाजवायचे, "ओ तात्या, उठा, दिवस उगवला!" फौजेतल्या माणसाला ड्यूटीवर झोपला म्हणणं म्हणजे काय, हे आमच्या सातारा-सांगलीत समजावून सांगायला नको. घराघरात एक फोटो असतो वर्दीतला. अकरा दिवस ते गेटवर उभे राहिले आणि गावी गेले. वैशाखात कळलं, त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

मी भेटायला गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत पावसाळा संपला.

आता खरा अनुभव.

यंदा हंगामाच्या आधी कारखान्यानं नवं सर्व्हर मशीन घेतलं, बत्तीस प्रोसेसरचं. काट्याच्या नव्या सर्व्हरला किती द्यायचे, हे परत माझ्याकडे आलं. खरं तर पाच मिनिटांचं काम. थोडे द्यायचे, लोड टाकून बघायचं, कमी पडले तर वाढवायचे. मला पंधरा दिवस ठरवता येईना. जेवताना आकडे, अंघोळीला आकडे. बायको म्हणाली, "अहो, लग्नाला होकार द्यायला एवढे दिवस लावले नव्हते तुम्ही."

एका मंगळवारी सकाळी साताऱ्यात घरी बसून मी आठ लिहिले आणि सर्व्हर चालू केला. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. अर्ध्या तासानं अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सायेब, मी सुनीता बोलतीया, किसनतात्यांची सून. मामंजींच्या डायरीत तुमचा नंबर घावला."

वाटलं, गेले तात्या.

"तसं काय न्हाई. मामंजी आत्ता अचानक डाव्या हाताची बोटं दावाय लागल्यात. आधी पाच, मग तीन. परत पाच, परत तीन. आमाला कळंना. कारखान्यातलं काय असंल, म्हनून तुमाला लावला."

आठ. मी म्हणालो, मला काही कल्पना नाही. योगायोग, दुसरं काय? दुपारी खोटा लोड टाकून बघितला. आठ जास्त वाटले. सर्व्हर बंद करून सहा केले, पुन्हा चालू केला. चहा करायला उठलो, तर फोन.

"आता पाच आन् एक दावत्यात, सायेब. आमच्या आत्याबाई रडाय लागल्यात. म्हनत्यात, दिवस मोजाय लागला मानूस."

तो दिवस आणि पुढचे तीन दिवस माझे कसे गेले ते लिहिता येत नाही. मशीनला हात लावला नाही. कारखान्यातल्या कुणाच्या हाती हा आकडा लागतो का, कुणी म्हसवडला कळवतं का, सगळे रस्ते तपासले. पासवर्ड फक्त माझ्याकडे. शनिवारी गाडी काढली. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड. बायकोला सांगितलं, तात्यांची माफी मागायला चाललोय. ते खरं नव्हतं. माफी मागायला जाणारा माणूस लॅपटॉप पूर्ण चार्ज करून नेत नाही.

वाडीत तात्यांचं घर साधं, पत्र्याचं, पुढे पडवी. मुलगा फौजेत, सरहद्दीकडे कुठेतरी. घरात सुनीता आणि तात्यांची बायको, म्हणजे सुनीताच्या आत्याबाई, सगळे काकी म्हणतात त्या. काकींनी मला आपादमस्तक बघितलं.

"आलासा व्हय? लय लवकर आलासा." मग आत वळून, "सुनीता, च्या टाक. कारखान्याचं सायेब आल्यात." मग परत माझ्याकडे, "मानूस झोपला म्हनत्यात तुमच्यात. आवं, चाळीस वर्सं संसार केला मी. पाटंला चारला उठतंय आन् आमालाबी उठवतंय. घरात कवा नीट झोपलं न्हाई, ते तितं जाऊन झोपंल?"

मी चपला काढून आत गेलो.

तात्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. बारीक झाले होते. शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं, सुनीता लावून देत असणार. मला बघितलं आणि डावा हात वर केला. पाच. मग एक. म्हणजे सहा. मंगळवारपासून सर्व्हरवर सहाच होते.

तेव्हा मी त्यांच्या पायाशी बसायला हवं होतं. मी पडवीत गेलो, लॅपटॉप उघडला, मोबाइलचं नेट जोडलं आणि सहाचे पाच केले. सहसा कुणी देणार नाही असा आकडा. सर्व्हर चालू झाल्यावर आत आलो. तात्यांनी पंजा दाखवला. पाच, आणि हात खाली.

पुन्हा बाहेर. तीन केले. आत आलो... तीन.

पुन्हा बाहेर. नऊ. पंजा, आणि मग चार.

काकी दारात बसून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "तुमचं नेट आतबाहीर पळतंय का तुमीच पळताय, सायेब?"

एकदा आकडा बदलला पण सर्व्हर चालू केला नाही. तात्यांचा हात हललाच नाही. मी पडवीतून सुनीताला हाक मारून "चालू करतो" म्हणालो, ती वेड्याकडे बघावं तशी माझ्याकडे बघत राहिली. चालू केला. आतून काकींच्या बांगड्या वाजल्या, त्या उठून आत गेल्या होत्या. "सात!" म्हणाल्या. सातच होते.

अंगावर काटा आला होता, आणि त्याचबरोबर मला चेवही आला होता. सातवी की आठवी वेळ असेल, मी आत आलो तर तात्यांच्या कपाळावर घाम होता. सुनीता पदरानं त्यांचं तोंड पुसत होती. ती म्हणाली, "भाऊ, बास करा आता. काय ईचारताय तुमी त्यास्नी? दमलं मानूस."

ती 'साहेब' म्हणाली नाही, 'भाऊ' म्हणाली. मी बास करायला हवं होतं. मी बाहेर गेलो आणि बारा लिहिले. का लिहिले, अजून सांगता येत नाही.

आत आलो. तात्यांनी पंजा दाखवला. मूठ. पंजा. मूठ. दोन बोटं. आणि थांबले नाहीत. परत पंजा, परत पंजा, परत दोन बोटं. नजर माझ्यावर. चौकशीच्या केबिनमध्ये होती तीच, वाट बघणारी. परत पाच, पाच, दोन. सुनीतानं हात धरायला बघितला तर तिचा हात झटकला. अर्ध्या अंगाच्या माणसात एवढी ताकद कुठून आली कुणास ठाऊक.

मी खाली बसलो आणि तेव्हा कुठे बोललो. बारा मी लावले होते. स्क्रीन गोठला होता. तात्यांनी तीन फोन केले, मी उचलले नाहीत. तात्या झोपले नव्हते, मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. हे सगळं.

तात्यांचा हात खाली आला. मग काकी म्हणाल्या, "हे आमाला कशापायी सांगताय? आमाला म्हाईतच हाय. ज्यांस्नी म्हाईत न्हाई, त्यांस्नी जाऊन सांगा."

मोळीपूजनाला, म्हणजे हंगाम सुरू होतो त्या पूजेला, पंधरा दिवस होते. मी तात्यांच्याच आकड्यावर, चारावर, काट्याचा सर्व्हर लावला आणि तोंड बंद ठेवलं. दोनदा एम.डी. साहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. पूजेच्या दिवशी सकाळी सगळे जमले होते. संचालक, खातेप्रमुख, ड्रायव्हर, तोडणीवाले. नारळ फुटला, उसाची पहिली मोळी गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, पडली. मग एम.डी. साहेबांनी माइक माझ्या हातात दिला, नव्या यंत्रणेबद्दल दोन शब्द बोला म्हणून.

मी म्हणालो, "मागच्या हंगामात काटा बंद पडला तेव्हा किसनतात्या झोपले नव्हते."

मग मागून ड्रायव्हरांतला एकजण ओरडला, "मग कोन झोपलं हुतं?"

"मी."

हशा पिकला. त्यांना चेष्टाच वाटली. मी हशा थांबेपर्यंत थांबलो आणि सगळं सांगितलं, कोयत्यांच्याच भाषेत, म्हणजे सगळ्यांना कळावं. तेव्हा कुणी हसलं नाही. ज्याच्या पायावर चाक गेलं होतं तो पुढेच उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, खाली थुंकला आणि निघून गेला. एम.डी. साहेब नंतर म्हणाले, "मिटलेलं कशाला उकरलंत?" काट्याचा चार्ज माझ्याकडून काढायचं ठरलं, ते योग्यच झालं. तात्यांच्या नावानं कारखान्याचं पत्र मात्र मी मागून घेतलं. एम.डी. साहेबांनी आधी 'तांत्रिक कारणामुळे' लिहिलं होतं. मी तीन दिवस त्यांच्या दारात बसलो, तेव्हा 'संगणक विभागप्रमुखांच्या चुकीमुळे' झालं. आणि पुढे, 'श्री. किसन हे सदर वेळी कर्तव्यावर जागृत व दक्ष होते.'

पत्र घेऊन मी म्हसवडला गेलो. लॅपटॉप नेला नाही. सुनीतानं सांगितलं, तोवर अधूनमधून दाखवायचे, पण पूजेच्या दिवसापासून मामंजींनी बोटं दाखवलेली नाहीत. "सकाळच्यालाच थांबली. दहा-साडेदहा असतील." माइक माझ्या हातात होता ती वेळ.

तिनं पत्र वाचून दाखवलं. तात्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग हातानं खूण केली, परत वाच. तेवढ्यात काकी बाहेर जाऊन शेजारच्या माजी सुभेदारांना बोलावून आल्या. त्यांच्यासमोर पुन्हा वाचलं. मग भावकीतले आले. मग दुकानदार आला. प्रत्येक नव्या माणसासाठी सुनीता पहिल्यापासून वाचायची, आणि 'विभागप्रमुखांच्या चुकीमुळे' आलं की सगळे माझ्याकडे वळून बघायचे. मी खाटेच्या कडेला बसलो होतो. एकदा उठायला गेलो, तर तात्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. घट्ट. माफ केलं म्हणून, की बस आणि ऐक म्हणून, मला कळलं नाही. मी बसलो.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा सुनीताचा घसा बसला होता. दारात अजून दोघं चपला काढत होते. तिनं पत्र माझ्या हातात दिलं. "भाऊ, आता तुमीच वाचा." मी वाचलं.

बोटांचं म्हणाल, तर मला आजही काही कळलेलं नाही. डॉक्टर मित्राला विचारलं. तो म्हणाला, झटक्यानंतर रुग्ण एकच हालचाल पुन्हापुन्हा करतात. बरोबर. पण पाच, तीन, नऊ, सात? मी शंभर किलोमीटरवर, किंवा भिंतीपलीकडे, कुणाला न सांगता? चार्ज सोडायच्या आधी मी साताऱ्याहून तीनदा आकडा बदलून पाहिला आणि फोनकडे बघत बसलो, हेही कबूल करतो. फोन आला नाही. स्वतःहून केला, तर सुनीता म्हणाली, "न्हाई भाऊ, गप पडून हायत." मला हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. कशाचं, ते सांगता येत नाही.

इथे माझ्यासारखे चूक शोधणारे खूप वाचक आहेत. तुम्हाला काही सुचलं तर जरूर लिहा, मला जाणून घ्यायचंच आहे. पण तात्यांच्या वाडीचं नाव किंवा पत्ता कृपया विचारू नका. त्या माणसाची परीक्षा घ्यायला एकजण लॅपटॉप घेऊन जाऊन आलाय, तेवढं बास.